बोडक्या डोक्याने सड्यावर

माकडटोपी घालायची नाही, हे मी लीड्सला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं. त्याला कारण आमचे जावई. सकाळी टोपी चढवून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला निघालो, तेव्हा त्यांनी मला दारातच अडवलं आणि जावयाने सासऱ्याशी जितकं हळू बोलावं तितकं हळू बोलून सांगितलं, "बाबा, इकडे ही टोपी शक्यतो बँक लुटायला जाताना घालतात."

मी अडतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली अकरा कॅशियरच्या पिंजऱ्यात. दरोडा पडला तर अलार्मचं बटण कुठल्या पायाने दाबायचं, हे मला आजही झोपेत सांगता येईल. दरोडा काही पडला नाही, कारण आमच्या शाखेत लुटून नेण्यासारखं जे होतं ते कर्जदारांनी रीतसर अर्ज भरून आधीच नेलेलं असायचं. अशा माणसाने निवृत्तीनंतर दरोडेखोराच्या वेशात परदेशात दूध आणायला जावं, हे मला पटेना. टोपी बॅगेच्या तळाशी गेली.

हिचं मत वेगळं. हिच्या मते थंडी माणसाच्या अंगात कानांवाटे शिरते. अंगात चार स्वेटर असोत, कान उघडे राहिले की संपलं. हे ज्ञान हिच्याकडे हिच्या आईकडून आणि आईकडे आजीकडून आलं. आता हे सगळं घराणं रत्नागिरीचं. तिथे जानेवारीत पहाटे पारा अठरावर उतरला की लोक एकमेकांना फोन करून कळवतात. त्या गावात बसून या बायकांनी थंडीचा एवढा अभ्यास केला कुठे, हे मला चौतीस वर्षांच्या संसारात उलगडलेलं नाही.

तर वसुबारसेची सकाळ. आदल्याच दिवशी या देशाने आपली घड्याळं एक तास मागे घेतली होती, त्यामुळे आता पावणेपाचच्या आतच दिवेलागण. नातवाच्या शाळेला मधली सुट्टी, मुलगी ऑफिसात, आणि जावयांनी खास आमच्यासाठी रजा टाकलेली. खिडकीबाहेर आभाळ जुन्या हिंडालियमच्या झाकणासारखं दिसत होतं. त्याखाली आख्खं गाव शिजत ठेवलेलं, फक्त गॅस पेटवायला कोणीतरी विसरलेलं. जावयांनी बाहेर पाहिलं, मग मोबाइलमध्ये पाहिलं आणि आनंदाने म्हणाले, "वा! नुसतं ढगाळ आहे, पाऊस नाही. इल्कली मूरवर जाऊ. शॉर्ट वॉक आहे."

जावई नागपूरचे. ज्यांचं बालपण पंचेचाळीस अंशांत वाळलं, त्यांना करड्या आभाळाचं एवढं प्रेम का, हे मी समजू शकतो. शॉर्ट हा शब्द मात्र मला समजेना.

"शॉर्ट म्हणजे किती?"

"पाच-सहा किलोमीटर. थोडा चढ आहे."

आमच्याकडे पाच-सहा किलोमीटरला शॉर्ट म्हणत नाहीत, एसटी म्हणतात.

"आणि मूर म्हणजे काय हो?" हिने विचारलं.

जावयांनी नीट समजावून सांगितलं. उंचावरचा मोकळा भाग, झाड जवळजवळ नाही, खुरटी झुडपं आणि गवत, जागोजाग दगड, मध्येच साठलेलं पाणी, सतत वारा, आणि पीक म्हणाल तर काही नाही.

"म्हणजे सडा," ही म्हणाली आणि विषय संपवला.

नागपूरकरांना सडा म्हणजे अंगणात शेणाचा घालतात तेवढाच ठाऊक, पण हिचं अगदी बरोबर होतं. आमच्याकडे घाटी चढून वर गेलं की जो जांभ्या कातळाचा बोडका माळ लागतो, तो सडा. मूरला मराठीत काय म्हणावं याचा शब्दकोशवाल्यांनी खुशाल विचार करत बसावं. रत्नागिरीत शब्द तयार आहे. साम्य तेवढ्यावर थांबत नाही. आमच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत: हत्ती, मासे, माणसं. कोणी आणि का खोदली ते कातळालाच माहीत. इल्कलीच्या माळावरही दगडांवर वाटीएवढे खळगे आणि त्यांच्याभोवती वर्तुळं कोरलेली आहेत, काही हजार वर्षांपूर्वीची. आणि एका कड्यावर तर चक्क स्वस्तिक आहे. आपलं तसं सरळ काटकोनी नाही, हात वळणदार, जिलबी घालताना स्वस्तिक काढावं तसे. इटलीतल्या व्हाल कामोनिका नावाच्या खोऱ्यातही अगदी असंच कोरलेलं आहे. गंमत म्हणजे पुढ्यात जे ठळक दिसतं आणि ज्याचे लोक फोटो काढून नेतात, ती व्हिक्टोरिया राणीच्या काळात केलेली नक्कल. मूळ त्याच्या मागे, पुसट झालेलं.

जावयांच्या तोंडून स्वस्तिक हा शब्द निघताच हिने हळदीकुंकवाची डबी पर्समध्ये टाकली. मग नकाशा उघडला गेला आणि अडचण निघाली. स्वस्तिक माळाच्या एका अंगाला, काऊ अँड काफ दुसऱ्या अंगाला. दोन्ही केलं तर वॉक शॉर्ट राहणार नव्हता.

"कसलं काऊ?"

"काऊ अँड काफ. खडक आहेत दोन, एक मोठा, एक धाकटा. गाय आणि वासरू."

हिने माझ्याकडे पाहिलं. वसुबारसेला पुजायला लीड्समध्ये सवत्स गाय मिळेना म्हणून कालपासून ही कॅलेंडरवरच्या चित्रावर भागवायची तयारी करत होती. "गाय-वासरू," ही म्हणाली. स्वस्तिक पुढच्या खेपेवर गेलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र भलतंच गाय-वासरू उभं राहिलं, १९७१ च्या निवडणुकीत कोणीतरी आमच्या पडवीच्या भिंतीवर गेरूने रंगवून ठेवलेलं. पुढे इंदिराबाई १९७७ ला हरल्या, पक्षाचं चिन्ह बदललं, तरी आमच्या भिंतीवरचं वासरू बरीच वर्षं दूध पीतच होतं.

निघताना मी माकडटोपी बॅगेतून काढून बुटांच्या कपाटात, अगदी मागे सरकवून ठेवली. "टोपी घेतलीत?" हिने विचारलं. "सापडत नाही," मी म्हणालो. त्यावर ही काहीच बोलली नाही. चौतीस वर्षांत एवढ्या लवकर वाद मिटण्याची ही पहिलीच वेळ. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. हिने बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी डब्यात भरली, डबा कसल्याशा लोकरीत गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. बाजरीचं पीठ आणि गवार दोन्ही ब्रॅडफर्डहून आणलेली. ब्रॅडफर्डमध्ये काय मिळत नाही ते विचारावं.

लीड्सहून इल्कलीला गाडी अर्ध्या तासात जाते. तेवढ्या वेळात जावयांनी, बहुधा सासूला खूश करायला, टोपीचा इतिहास सांगितला. माकडटोपीला इकडे बालाक्लावा म्हणतात. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या नावाच्या गावाजवळ लढाई झाली. तिथे इंग्रज सैनिक थंडीने काकडत होते, म्हणून मायदेशातून त्यांना लोकरीच्या विणलेल्या टोप्या पाठवल्या.

"बघा," ही म्हणाली. "सैनिक घालायचे."

"आणि दरोडेखोर," मी म्हणालो.

"त्यांनाही आई असतेच ना."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. नातू खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजत राहिला.

इल्कली हे व्हार्फ नदीकाठचं टुमदार, दगडी, खिशाला महाग गाव आहे. चढायच्या आधी चहा घेऊ, असं जावई म्हणाले आणि आम्ही एका कॉफीच्या दुकानात शिरलो. तिथे खरा पेच पडला. वसुबारसेला हिच्या माहेरच्या रीतीप्रमाणे दूध-तूप चालत नाही आणि गहूही चालत नाही. आता इंग्लंडमधून दूध आणि गहू काढून घेतले, तर खायला फक्त हवामान उरतं. काचेच्या कपाटात स्कोन होते, केक होते, लोण्याने चमकणारे क्रॉसाँ होते. ही त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होती जशी मी मुदत संपायच्या आधी मोडायला आणलेल्या ठेवीच्या पावतीकडे बघायचो. चहा तरी घ्या, असं जावई म्हणाले. चहात दूध. बिनदुधाचा चहा हिच्या लेखी काढा, आणि काढा फक्त आजाऱ्याने घ्यायचा.

काउंटरवरच्या मुलीने जावयांना हसून विचारलं, ओट, सोया की आल्मंड?

"ओट म्हणजे काय?" हिने मला विचारलं.

"जई. घोड्याला घालतात."

हिने क्षणभर विचार केला. "आज गाईचा दिवस आहे. घोड्याचं चालेल."

अशा रीतीने आमच्या घराण्यात वसुबारसेला प्रथमच दुधाचा चहा झाला. ही दोन कप प्यायली आणि म्हणाली, चव बरी आहे, फक्त मागाहून खळीसारखं लागतं.

मग चढ. स्टेशनपासून सरळ वर जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी बंगले, आणि बंगले संपले की एकदम माळ. मध्ये काही तडजोड नाही. वर उतारावर एक पांढरं घर दिसत होतं आणि त्यावर झेंडा फडकत होता. त्या घराचं नाव व्हाइट वेल्स. तिथे डोंगरातून येणाऱ्या पाण्याचं थंडगार कुंड आहे, अठराव्या शतकापासून लोक त्यात डुबक्या मारत आले आहेत. घर उघडं असेल तर झेंडा लावतात, बंद असेल तर उतरवतात, म्हणजे खालच्या माणसाला उगाच चढ नको. ही पद्धत मला फार आवडली. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांवर साहेब जागेवर असल्याचा असा झेंडा लावला, तर देशाचं किती पेट्रोल वाचेल. जीएसटी सोडाच, नुसत्या पेट्रोलवर अर्थसंकल्प निघेल.

त्या कुंडाच्या काठाशी दम खात जावयांनी सांगितलं की खाली जलोपचाराची मोठी घरं होती आणि १८५९ च्या शरद ऋतूत चार्ल्स डार्विन इथे उपचारांना येऊन राहिला होता. पोट बिघडलेलं, अंगावर पुरळ, पाय लचकलेला. ओल्या चादरीत गुंडाळून ठेवायचे, थंड पाण्याने आंघोळ घालायचे. त्या अवस्थेत असताना २४ नोव्हेंबरला लंडनमध्ये त्याचं ते सजीवांच्या उत्पत्तीचं पुस्तक निघालं. पहिली आवृत्ती साडेबाराशे प्रतींची. तिकडे जगाची उलथापालथ सुरू आणि इकडे लेखक ओल्या चादरीत. मला डार्विनबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. मागे दापोलीला बदली झाली त्याच आठवड्यात मला कावीळ झाली होती, ते आठवलं.

"याच माणसाने माकडाचं सांगितलं ना?" हिने विचारलं.

"हो. जरा पुढे, दुसऱ्या पुस्तकात."

"मग माकडटोपीची लाज कशाला वाटायची?"

मी चढाला लागलो.

वर आलो आणि जग संपलं. म्हणजे पन्नास पावलांपुढे जे काही होतं ते पुसून टाकलेलं. खाली व्हार्फचं खोरं, गाव, शेतं असा फार सुंदर देखावा दिसतो असं जावई सांगत होते आणि हाताने दाखवतही होते: इकडे नदी, तिकडे टेकडी, पलीकडे अमुक. आम्ही त्या दिशेच्या पांढऱ्या पडद्याकडे बघून माना डोलावत होतो. पायांशी मात्र खूप काही होतं. हेदरची झुडपं, ऑगस्टमध्ये म्हणे सगळा माळ जांभळा करून टाकतात, आता तपकिरी, वाळक्या फुलांच्या टोकांवर पाण्याचे थेंब, मोहरीएवढे, एकेका टोकावर एकेक, कोणी मोजून ठेवल्यासारखे. मध्ये गंजलेल्या रंगाचं नेचं आडवं पडलेलं. काळसर दगड. आणि वास: ओल्या घोंगडीचा.

पाऊस पडत नव्हता, हे खरं. आम्हाला पावसातलं कळतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या गावचे आम्ही. रिपरिप, भुरभुर, पिरपिर, झड, सर, मुसळधार, सगळ्यांशी ओळख. पण आमचा पाऊस प्रामाणिक. तो वरून खाली येतो. इथला येत नाही, नुसता असतो. हवेत उभा. आपण चालत जाऊन त्याला धडकायचं. दहा मिनिटांत माझ्या चष्म्याच्या काचा, मिशा आणि भुवया ओल्या झाल्या, आणि केस, जे काही शिल्लक आहेत ते, टाळूला चिकटले. कान गार पडले. मी हे कोणाला बोललो नाही.

समोरून धुक्यातून माणसं येत होती. जोडपी, म्हातारे, पाठीवर पिशवीत मूल घेतलेली एक आई. प्रत्येकजण हसून काही बोलायचा. जावई भाषांतर करायचे.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, निदान कोरडं तरी आहे."

असं सांगणाऱ्या गृहस्थाच्या नाकाच्या टोकावरून थेंब ओघळला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

ही सगळी मंडळी चालली होती कुठे, हा प्रश्न मला छळत होता. आम्हीही चालणारी माणसं आहोत. अडीच-तीनशे किलोमीटर पंढरीला चालत जातात आपल्याकडे, पण शेवटी विठोबा उभा असतो. सकाळी चालतात, पण डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. संध्याकाळी चालतात, पण परतताना कोथिंबीर आणतात. इथे वर कोणी नाही, काही नाही, कोथिंबीर तर नाहीच. माळावर चढायचं, धुकं बघायचं, 'लव्हली' म्हणायचं आणि उतरायचं. जावयांना विचारलं तर म्हणाले, "बाबा, मोकळं वाटतं." नागपूरच्या माणसाला मोकळं वाटायला यॉर्कशरला यावं लागतं, हे मी व्याह्यांना कळवलेलं नाही.

तेवढ्यात झुडपातून कोणीतरी ओरडलं. स्पष्ट इंग्रजीत. "गो बॅक! गो बॅक, गो बॅक, बॅक!"

मी जागच्या जागी थांबलो. व्हिसा पर्समध्ये होता.

झुडपातून एक लालसर तपकिरी, कोंबडीएवढा पक्षी फडफडत उठला आणि जमिनीलगत उडत धुक्यात गेला. तो रेड ग्राउझ. इथल्या लोकांनाही त्याचं ओरडणं तसंच ऐकू येतं, ही माझी कल्पना नव्हे. १२ ऑगस्टपासून त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि बडे लोक बंदुका घेऊन माळांवर जातात. हा माळ मात्र ब्रॅडफर्ड नगरपालिकेच्या मालकीचा, आणि तिने २०१८ मध्ये शिकारीचा परवाना पुढे चालू ठेवला नाही. तेव्हापासून इथले ग्राउझ निर्धास्त आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला परत जा म्हणून सुनावतात. मला त्याचा राग आला नाही. १९२८ च्या फेब्रुवारीत सायमनसाहेब मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हा आपल्या लोकांनी त्यांना हेच शब्द ऐकवले होते. युसूफ मेहेरअलींनी घडवलेली ती घोषणा. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खातं जुळलं.

या सगळ्या विचारात मी पायवाट सोडली.

चिखलाबद्दल मला कोणी काही शिकवावं अशी स्थिती नाही. लहानपणी लावणीच्या दिवसांत आम्ही गुडघाभर चिखलात नांगरामागे चाललेलो आहोत. म्हणून समोर छान हिरव्यागार शेवाळाचा पट्टा दिसला, तेव्हा मी तो गालिचा समजून त्यावर पाय ठेवला. गालिच्याने पाय घेतला. आवाजसुद्धा झाला, बाटलीचं बूच उलट्या बाजूने लावावं तसा. उजवा पाय गुडघ्याच्या चार बोटं खालपर्यंत आत, डावा काठावर, आणि मी मध्ये.

"हलू नका!" जावई ओरडले. मी हलणार होतो कुठे.

ते शेवाळ म्हणजे स्फॅग्नम. स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवतं. पहिल्या महायुद्धात जखमांवर कापसाऐवजी तेच बांधत. ते कुजतही धड नाही. थरावर थर साठत जातो, खाली त्याचं काळं पीट होतं, आणि ते वाढतं वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. ही माहिती जावई मला ओढता ओढता देत होते. धापा टाकत माहिती देणारा जावई विरळा. मी मनातल्या मनात हिशोब केला, सवय जात नाही. पाय गेला होता पस्तीस सेंटिमीटर. म्हणजे साडेतीनशे मिलिमीटर, म्हणजे साडेतीनशे वर्षं. माझा तळवा थेट शिवराज्याभिषेकाच्या सुमाराला जाऊन टेकला होता. आणि तो काळ, एवढंच सांगतो, फार गार होता.

पाय निघाला. बूट नंतर निघाला, नातवाने हात घालून काढला आणि त्याला आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नसावा. बुटात भरलेलं पीट मी हातावर घेऊन पाहिलं. काळं, मऊ, तंतू असलेलं. चहा गाळल्यावर गाळणीत चोथा राहतो ना, अगदी तसं. साडेतीनशे वर्षं उकळलेला चहा, बिनदुधाचा. वसुबारसेला चालला असता.

मी दगडावर बसून मोजा पिळत असताना एक कुत्रा आला. मूर आणि धुकं म्हटलं की आम्हा वाचकांना बास्करव्हिलचं कुत्रं आठवतं, पण ते डार्टमूरचं, पार दक्षिणेचं. हा लॅब्राडोर होता. त्याने माझ्या बुटाचा वास घेतला, त्याला तो फार आवडला, आणि मग त्याने माझ्याजवळ उभं राहून अंग झटकलं. माझा उरलेला कोरडा भाग संपला. मागोमाग त्याचे मालक आले. पंचाहत्तरीचे, लालबुंद, डोक्यावर चपटी कॅप. त्यांनी माझा पाय पाहिला नाही, बूट पाहिला नाही. माझ्या डोक्याकडे बोट केलं आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बाह्ट ॲट!"

मला वाटलं शिंकले.

"बाबा, ते विचारतायत टोपी कुठे आहे," जावई म्हणाले. "बाह्ट ॲट म्हणजे टोपीवाचून. हॅटमधला ह हे लोक खातात."

आणि ते गृहस्थ चक्क गायला लागले. भर माळावर, धुक्यात, कुत्र्यासमोर. आमचा नातू, जो आरतीला तोंड उघडत नाही, तो ताबडतोब त्यांच्यात सामील झाला; त्याच्या शाळेत शिकवतात म्हणे. पाठीवर मूल घेतलेली ती आई पुन्हा भेटली, तीही थांबून गायली. शेवटी गृहस्थांनी कॅपला बोट लावलं, मला काहीतरी बजावलं आणि कुत्र्यासह धुक्यात विरघळले.

"काय होतं ते?" हिने विचारलं.

"यॉर्कशरचं राष्ट्रगीत म्हणा ना. इल्कलीच्या माळावरचंच आहे. वर बसून सांगतो."

गाय-वासरू धुक्यातून एकदम समोर आलं. आधी नुसती काळी सावली, मग भिंत, मग गाय. गाईसारखं त्यात काही नाही, हे आधीच सांगतो. पण वासरू मात्र शेजारी अगदी बिलगून उभं आहे, आणि ती जवळीक पाहिली की नाव पटतं. बैलही होता म्हणे. तो फोडून त्याच्या दगडाच्या भिंती बांधल्या. संसारात बैलाचं असंच होतं.

जावयांनी दंतकथा सांगितली. रॉम्बाल्ड नावाचा राक्षस चिडलेल्या बायकोपासून जीव घेऊन पळत होता. पळताना त्याचा पाय खडकावर पडला, खडक दुभंगला आणि वासरू गाईपासून वेगळं झालं. बायकोच्या झग्याच्या ओच्यात धोंडे भरलेले होते, तेही पुढे माळावर सांडले. तो ढीग अजून दाखवतात.

"ती चिडली का होती?" हिने विचारलं.

ते जावयांना माहीत नव्हतं. हिला माहीत होतं. हिने माझ्या ओल्या डोक्याकडे पाहिलं.

मग हळदीकुंकवाची डबी निघाली आणि जावई घाबरले. "आई, नको, हा सगळा संरक्षित भाग आहे, दगडाला काही लावायचं नसतं." ही थांबली. तिने खडकाच्या अंगावर नजर फिरवली. सबंध खडकावर नावं. हाताएवढी अक्षरं, सुबक, छिन्नीने खोलवर कोरलेली, कित्येक व्हिक्टोरिया राणीच्या काळातली.

"एवढ्यांनी छिन्नी लावली ती चालते," ही म्हणाली, "आणि माझं चिमूटभर कुंकू चालत नाही?"

जावई बघतच राहिले. हिने करंगळीने वासराला एक ठिपका लावला, गाईला एक लावला, चार अक्षता टाकल्या, हात जोडले. दोन मिनिटांत हवेतल्या त्या उभ्या पावसाने ठिपक्याचा ओघळ केला, आणखी दोन मिनिटांत ओघळही नेला. जावयांनी सुस्कारा सोडला. एक मेंढी आली, पाठीवर निळ्या रंगाचा शिक्का, आणि अक्षता खाऊन गेली. नैवेद्य इतक्या लगेच पोचल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

खडकाच्या आडोशाला आम्ही बसलो आणि जावई गाण्याचा अर्थ सांगू लागले. चाल मुळात भजनाची, कँटरबरीच्या थॉमस क्लार्क नावाच्या चांभाराने बांधलेली. कथा अशी की एक गडी आपल्या मेरी जेनला भेटायला या माळावर येतो, तेही टोपीवाचून. मंडळी त्याला सांगतात, बाबा रे, तुला थंडी बाधणार. थंडीने तू मरणार. मग आम्हाला तुला पुरावं लागणार. मग किडे येऊन तुला खाणार. किड्यांना बदकं खाणार. आणि बदकं आम्ही खाणार, म्हणजे शेवटी आम्ही सगळ्यांनी तुलाच खाल्लेलं असणार. आणि हे सगळं कशामुळे, तर टोपी घातली नाही म्हणून. प्रत्येक कडव्यात टोपी.

जावई हसत होते. नातू हसत होता. ही हसत नव्हती. हिच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जो मी फक्त एकदाच पाहिला होता, हिच्या काकांचा ताम्रपट सापडला तेव्हा. तीन पिढ्या जे सांगत आल्या ते इथे, सात समुद्रापलीकडे, लोक चाल लावून गात होते.

काही न बोलता हिने पिशवीतून डबा काढला. त्याच्याभोवतीची लोकर सोडवली. तपकिरी लोकर, वर गोंडा. बुटांच्या कपाटात मागे सरकवलेली माझी माकडटोपी.

"घाला," ही म्हणाली.

"अगं, दरोडेखोरासारखं..."

"इथे बँक आहे का कुठे?"

नव्हती. मेंढी होती.

"आणि त्या गाण्यातल्या माणसाचं एक वेळ ठीक आहे," भाकरीचा तुकडा मोडत ही म्हणाली. "तो मेला तरी शेवटी पोटात तरी गेला कोणाच्या. आपल्या घरात बदक कोण खातं? तुम्ही अगदीच फुकट जाल."

मी टोपी घातली. आतून ती अजून गरम होती आणि तिला गवारीचा वास येत होता.